हाताचें वळण

मनुष्याला आपल्या शरीराची ओळख बहुधा दुखण्याच्या मार्फत होते. दाढ ठणकेपर्यंत तोंडांत किती दांत आहेत हें कोणी मोजीत नाहीं, आणि बिघडेपर्यंत पोट म्हणजे केवळ जेवण ठेवण्याची एक जागा असते. मला उजवें मनगट आहे, ही गोष्ट मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, आश्विनांतल्या एका सकाळीं, फळ्यावर एक साधें इंग्रजी वाक्य लिहितांना कळली. वाक्य सहा शब्दांचें होतें. चौथ्या शब्दापाशीं हातांतला खडू गळून पडला.

वर्गांतल्या मुलांना वाटलें, सरांना पुढचा शब्द आठवेना. मीही तसेंच भासविलें. कारण खरें कारण सांगण्यासारखें नव्हतें. ग्रंथलेखन करून किंवा उत्तरपत्रिका तपासून माझा हात दुखला असता, तर त्या दुखण्याला एक प्रकारची प्रतिष्ठा होती. पण माझें मनगट दुखत होतें तें बॅडमिंटनची रॅकेट धरण्याची रीत बदलल्यामुळें, आणि पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें असली कबुली भर वर्गांत देऊं नये, एवढा व्यवहार मला कळतो.

गणिताचे एक, रसायनाचे एक, इतिहासाचे एक आणि इंग्रजीचा मी, असे आम्ही चौघे गेलीं सव्वीस वर्षें पहाटे सहाला एका जुन्या हॉलमध्यें जमतों. सोलापुरांत उन्हाळा हा ऋतु नसून स्थायीभाव आहे. त्यामुळें व्यायाम करावयाचा तो सूर्यनारायण पुरते जागे होण्यापूर्वीं, हें येथें मुलालाही शिकवावें लागत नाहीं. आमच्या खेळाला कोणी गुरु नव्हता. रॅकेट मीं पहिल्या दिवशीं जशी उचलली, तशीच ती सव्वीस वर्षें धरली. घरांत तवा धरतात तशी, म्हणजे जाळी समोर आडवी व तळवा दांड्याच्या पाठीशीं. या धरण्यानें जाळ्यापाशींचें शटल थोपटतां येतें, पण मागें आलेलें शटल परतवितांना माणूस पोळी उलटीत आहे कीं खेळत आहे, असा संशय येतो. असें असूनही आम्ही खेळत होतों, भांडत होतों व घामाघूम होऊन घरीं जात होतों. आणखी काय पाहिजे?

शिवाय या खेळाविषयीं मला एक प्रांतिक अभिमान होता. १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या छावणींतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीं या खेळाचे नियम कागदावर आणले, आणि कांहीं काळ त्याला ‘पूना’ याच नांवानें ओळखीत. पुढें ग्लॉस्टरशायरमधल्या एका उमरावाच्या वाड्याचें नांव त्याला चिकटलें, आणि पुण्याचें नांव मागें पडलें. तरी ज्यांना महाराष्ट्र क्रिकेटमुळें ओळखतो व जे संस्कृतचे प्राध्यापक होते, त्या दि. ब. देवधरांच्या मुलींनीं १९४० नंतरच्या दशकांत या खेळांत राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं. आणि सांगलीच्या नंदू नाटेकरांनीं १९५६ मध्यें मलायांतल्या सेलँगोर येथील स्पर्धा जिंकून, परदेशांत बॅडमिंटनचें विजेतेपद मिळविणारा पहिला भारतीय होण्याचा मान घेतला. प्राध्यापक आणि बॅडमिंटन यांचें गोत्र जुळतें, अशी माझी यावरून समजूत झाली होती. तवा धरण्याची रीत या परंपरेंत कोठें बसते, हा प्रश्न मीं मनाला विचारला नव्हता.

तो प्रश्न गेल्या पावसाळ्यांत दुसऱ्या कोणी विचारला. त्या हॉलमध्यें लहान मुलांना शिकविण्यासाठीं एक तरुण प्रशिक्षिका येऊं लागली. ती माझी बारा वर्षांपूर्वींची विद्यार्थिनी निघाली. तीन दिवस तिनें आमचा खेळ दुरून पाहिला. चौथ्या दिवशीं जवळ येऊन म्हणाली, “सर, राग येणार नसेल तर एक सांगू?”

“सांग कीं.”

“तुमचा हात चुकीचा बसलाय. ही सवय मोडली पाहिजे.”

हें वाक्य मला ओळखीचें वाटलें. पण कोठें ऐकलें तें त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं.

तिनें माझ्या हातांतली रॅकेट काढून घेतली, कडेवर उभी धरली व दांडा माझ्यापुढें केला. “हिच्याशी हस्तांदोलन करा,” ती म्हणाली. मीं तसें केलें. आंगठा व तर्जनी यांच्यामध्यें दांड्याच्या कडेवर एक कोन पडला. इतकाच काय तो बदल! पण त्या इंचभर बदलानें माझें सव्वीस वर्षांचें राज्य खालसा झालें. जें शटल मी डोळे मिटून परतवीत होतों, तें आतां रॅकेटच्या लांकडी-लोखंडी कडेला लागून इतिहासाच्या प्राध्यापकांच्या कपाळाकडे जाऊं लागलें.

तिनें मला त्यामागचें शास्त्र समजावून सांगितलें. मी आजवर खांद्यानें ढकलून व मनगट पंख्यासारखें फडकावून शटल मारीत होतों. खऱ्या फटक्याचा जोर मनगटाच्या फडफडींत नसतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडें आहेत. कुलपांत किल्ली फिरवितांना त्यांतलें एक दुसऱ्यावरून वळतें, आणि त्या वळण्यांत जोर असतो. तव्याच्या पकडींत हीं हाडें वळूं शकत नाहींत. नव्या पकडींत तीं वळतात. सारांश, हात तोच, रॅकेट तीच, पण काम करणारे स्नायु निराळे. “पहिला आठवडा रोज फक्त दहा मिनिटं,” तिनें बजावलें. “बाकीचा वेळ नुसतं बघत बसा.”

विद्यार्थ्यांना संयम शिकविणें हा माझा व्यवसाय असल्यामुळें तो मीं स्वतः कधीं शिकलों नाहीं. दहा मिनिटें कसलीं! मी पहिल्याच दिवशीं तासभर भिंतीवर फटके मारले, दुसऱ्या दिवशीं सव्वा तास. आठव्या दिवशीं खडू पडला.

डॉक्टर माझ्याहून तरुण होते. आजकाल सगळेच असतात. त्यांनीं आंगठा मुठींत मिटवून हात करंगळीच्या बाजूला वांकविला, आणि मीं कण्हून त्यांच्या निदानाला दुजोरा दिला. सूज नव्हती, मुंग्या नव्हत्या, बोटें बधिर झालीं नव्हतीं. तेव्हां भिण्यासारखें कांहीं नाहीं, असें ते म्हणाले. मग त्यांनीं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. मनगट हलविणारे बहुतेक स्नायु मनगटांत नसतातच. ते वर कोपराकडे असतात, आणि दोरीनें कळसूत्री बाहुली नाचवावी तसे लांब कंडरांनीं हाताला नाचवितात. नवें काम अंगावर पडलें कीं स्नायु कांहीं आठवड्यांत बळावतो. पण कंडरांना रक्ताचा पुरवठा बेताचा असल्यामुळें त्यांना तयार व्हावयाला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. मधल्या काळांत स्नायु उत्साहानें ओढतो आणि कंडरा रडते. “तुम्ही सव्वीस वर्षांचं देणं एका आठवड्यांत फेडायला निघालांत,” ते म्हणाले. पंधरा दिवस विश्रांति, हाताला पट्टा, आणि नंतर थोड्या थोड्या वेळानें आरंभ, असा निर्णय झाला. तो निळा पट्टा बांधून मी आठ दिवस शहरांत मिरवलों. कोणीं विचारलें कीं ‘खेळतांना झालें’ असें मी किंचित् सहज स्वरांत सांगत असें. त्या उत्तरांत तारुण्याचा एक सुगंध होता, हें मला मान्य केलें पाहिजे.

त्याच आठवड्यांत माझ्या विद्यार्थिनीनें सत्यनारायणाच्या प्रसादाला घरीं बोलाविलें. तिचें लहानपण सोलापुरच्या पूर्व भागांत गेलें; नंतर तिचें कुटुंब कुंभारीच्या वसाहतींत राहावयास गेलें. विडी कामगार स्त्रियांसाठीं बांधलेली ही दहा हजार घरांची, गोदूताई परुळेकरांच्या नांवाची वसाहत २००६ मध्यें उभी राहिली, हें मी वर्तमानपत्रांतून वाचलें होतें. अक्कलकोटच्या रस्त्यानें कित्येकदां गेलों असतांही आंत पाऊल ठेवण्याचा प्रसंग मात्र आला नव्हता.

मी पोचलों तेव्हां पूजा आटोपून बराच वेळ झाला होता. तिची आई भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन बसली होती. घरांत कार्य असलें तरी दुसऱ्या दिवशीं कारखान्यांत माल द्यावयाचा असतो. शेजारीं ओल्या फडक्यांत तेंदूचीं पानें होतीं, पत्र्याच्या मापावर कात्रीनें कापलेलीं. ती एक पान घेई, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरी, आंगठा आणि बोटें यांच्यामध्यें तें वळी, टोंक मुडपी आणि दोऱ्याचा फेरा देऊन विडी सुपांत टाकी. माझ्याशीं बोलतांना तिनें एकदांही हाताकडे पाहिलें नाहीं. मीं घड्याळ लावून मोजलें. मिनिटाला दोन, कधीं तीन. विडीची मजुरी हजारावर मोजतात. हजार भरावयाचे म्हणजे असें सात-आठ तास बसणें आलें.

“हाताला काय झालं सर?” माझ्या पट्ट्याकडे पाहून तिनें विचारलें. “लिहून लिहून झालं असंल.”

आठ दिवस जें उत्तर मी ऐटीत देत होतों, तें त्या खोलींत माझ्या तोंडून निघेना. “होय,” मी म्हणालों.

चहाचा कप घेऊन उभी असलेली मुलगी कांहीं बोलली नाहीं.

“माझं बी हितंच,” असें म्हणून आईनें काम न थांबवितां उजवा हात किंचित् वर केला. आंगठ्याच्या मुळाशीं एक गांठ दिसत होती. “हिनं दवाखान्यात नेलं होतं. सहा आठवडे हात हलवू नका म्हणाले. मी म्हटलं, कुणाला सांगताय!” आणि ती मनापासून हसली, जणु डॉक्टरांनीं एखादी सुंदर थट्टा केली होती.

“हें काम शिकतांना दुखलें होतें का?” मीं विचारलें.

“दुखलं की. दहा वर्सांची होते. आई हातावर टिचकी मारायची, सैल वळली की. महिनाभर लई दुखलं.”

“मग थांबलें?”

“थांबलं कुठं? लक्ष थांबलं.”

घरीं परततांना तें वाक्य माझ्या बरोबर आलें, आणि रात्रीं झोंपेच्या आड येऊन बसलें. आम्हां इंग्रजी शिकलेल्या लोकांची एक खोड असते. मन अस्वस्थ झालें कीं आम्ही पुस्तकांकडे धांवतों. इटलींतला रामाझ्झिनी नांवाचा वैद्य १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून गेला. त्याच्या १७१३ मधल्या आवृत्तींत त्यानें लेखनिकांच्या हातांच्या दुखण्याचेंही वर्णन केलें, आणि हाताची तीच ती हालचाल हें त्याचें एक कारण सांगितलें. स्वित्झर्लंडमधल्या द केर्व्हँ नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८९५ मध्यें आंगठ्याच्या बाजूच्या कंडरांचा विकार वर्णिला. तो आजही त्याच्या नांवानें ओळखला जातो. माझ्या हाताची परीक्षा डॉक्टरांनीं केली ती बहुधा त्याच संशयानें. तीनशें वर्षें झालीं, वैद्यांना कारण ठाऊक आहे, उपायही ठाऊक आहे. उपाय एवढाच कीं तें काम कांहीं दिवस करूं नये. माझ्यासाठीं हें औषध फुकट होतें. कुंभारीच्या त्या घरांत तें सर्वांत महाग औषध होतें.

आणि मग, पहांटेच्या सुमारास, मला तें ओळखीचें वाक्य कोठलें तें आठवलें.

बारा वर्षांपूर्वीं ही मुलगी माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत आली. घरीं तेलुगु, रस्त्यावर व शाळेंत मराठी, आणि एकाएकीं कॉलेजांत इंग्रजी. तिच्या पहिल्या निबंधांतलें क्रियापद प्रत्येक वेळीं वाक्याच्या शेवटीं जाऊन बसलें होतें. तेलुगूंत त्याची जागा तीच, मराठींतही तीच. तें बिचारें आपल्या घरच्या पाटावरच बसलें होतें. मीं तो निबंध तांबड्या शाईनें भरून काढला आणि समासांत लिहिलें, ‘ही सवय मोडली पाहिजे.’ ती कशी मोडावी, किती दिवसांत, रोज किती मिनिटें, यांतलें कांहींही मीं लिहिलें नव्हतें. त्यानंतर त्या वर्षीं ती वर्गांत फारशी बोलली नाहीं. ती मुळांतच अबोल असावी, असें मीं ठरवून टाकलें होतें.

मराठींतला ‘वळण’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. रस्त्याला वळण असतें, अक्षराला वळण असतें, आणि मुलांना आपण वळण लावतों. मीं आयुष्यभर तिसऱ्या अर्थाचा व्यापार केला. परंतु वळण लावणें म्हणजे आधींच वळलेली एखादी वस्तु पुन्हां वांकविणें, आणि वांकवितांना तिच्यांतल्या कोणत्या तरी दोरीवर ताण पडणार, हें मला शारीरिक रीतीनें कळावयाला माझ्याच हाताला कोणी तरी वळण लावावें लागलें. नंदू नाटेकर आधीं टेनिस खेळत, मग ते बॅडमिंटनकडे वळले. टेनिसचा हात आणि बॅडमिंटनचा हात यांच्यांत सवतीमत्सर आहे. एक मनगट आवळून धरावयाला सांगतो, तर दुसरा सैल सोडावयाला. ज्यांच्या मनगटाच्या नजाकतीची पुढें एवढी वाखाणणी झाली, त्या हातानें आरंभीं काय सोसलें असेल, हा विचार त्यांच्या विजयाची हकीकत वाचतांना माझ्या मनाला कधीं शिवला नव्हता. आपण वळण पाहतों. वळतांनाचें दुखणें आपल्याला दिसत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे, खेळावयाचें नसतांही, मी हॉलवर गेलों. मुलें यावयाचीं होतीं. ती जाळी बांधीत होती.

“अगं, काल मी तुझ्या आईशीं खोटें बोललों,” मी म्हणालों.

“कळलं सर. मी रात्री तिला खरं सांगितलं.”

“मग? काय म्हणाली?”

“हसली. म्हणाली, खेळून दुखतंय ना, मग बरं आहे. खेळ थांबवला की थांबेल.”

मीं जें रात्रभर तीन शतकांच्या वैद्यांकडून समजून घेण्याचा प्रयत्न केला, तें त्या बाईनें विडी वळतां वळतां दोन वाक्यांत सांगून टाकलें होतें. शिकतांनाचें दुखणें आणि थांबतां येत नाहीं म्हणून होणारें दुखणें, हीं दोन्हीं एकाच मनगटांत होतात, एकाच जागीं होतात, आणि वैद्यकांत त्यांना एकच नांव असूं शकतें. तरी तीं दोन निराळीं दुखणीं आहेत. माझें मी विकत घेतलें होतें, आणि नको झालें तर परत करूं शकत होतों.

मीं थोडें धैर्य एकवटून विचारलें, “तुझा पहिल्या वर्षाचा निबंध आठवतो तुला?”

तिनें जाळीची गांठ आवळली. “‘ही सवय मोडली पाहिजे.’ तांबड्या शाईत.”

“दुखलें होतें?”

“चार महिने,” ती म्हणाली. मग थोडें थांबून, “सवय मोडली, सर. पण वर्गात बोलायला मला तिसरं वर्ष उजाडलं.”

तिच्या स्वरांत राग नव्हता. क्षमा होती असेंही मला म्हणवत नाहीं. तें एक मोजमाप होतें, माझी पकड किती अंश चुकली आहे हें सांगतांना ती देत असे तसें. एवढ्यांत मुलें आलीं, आणि तिनें एका आठ वर्षांच्या पोराच्या हातांत रॅकेट देऊन त्याला सांगितलें, “हिच्याशी हस्तांदोलन कर.” त्यानें घाईनें तवा पकडला. ती ओरडली नाहीं. तिनें त्याचीं बोटें एक एक करून उचललीं आणि जागेवर ठेवलीं.

त्या दिवसापासून निबंध तपासण्याची माझी रीत थोडी बदलली आहे. फार नव्हे; चौपन्नाव्या वर्षीं इंचभर बदलही पुष्कळ असतो, हें मी अनुभवानें सांगतों. एका निबंधांत एकच चूक दाखवितों, ती कशी सुधारावी तें लिहितों, आणि बाकीच्यांकडे पुढच्या आठवड्यापर्यंत डोळेझांक करतों. गणिताचे प्राध्यापक म्हणतात, अशानें अभ्यासक्रम पुरा होणार नाहीं. त्यांचें गणित बरोबर आहे. पण तांबडी शाई वाया जाणार नाहीं, असेंही मला दिसतें.

कुंभारीच्या त्या घरीं मी पुन्हां एकदां जाऊन आलों. या वेळीं पट्टा नव्हता. आईनें हाताची चौकशी केली; बरें वाटतें म्हणून सांगितलें. तिचा हात कसा आहे हें विचारावयाला माझी जीभ उचलली नाहीं, कारण सूप मांडीवरच होतें आणि उत्तर माझ्या डोळ्यांपुढें मिनिटाला दोन या वेगानें पडत होतें. माझ्यापाशीं तिच्यासाठीं कोणताही उपाय नव्हता, आणि नाहीं. तिच्या मुलीला मात्र ती कला तिनें शिकविली नाहीं. एवढी गोष्ट ती अभिमानानें, पुन्हां पुन्हां सांगत होती.

माझें मनगट आतां बरें आहे. रोज वीस मिनिटांपर्यंत मजल गेली आहे. परवा इतिहास आणि मी विरुद्ध गणित व रसायन असा सामना एकोणीस-वीसवर आला. शटल उंच उडून माझ्याकडे येऊं लागलें. त्या निर्वाणीच्या क्षणीं माझ्या हातानें मला न विचारतां आपला जुना तवा धरला आणि शटल जाळीपलीकडे नेऊन टाकलें. गुण आम्हांला मिळाला. इतिहासानें मला आलिंगन दिलें.

मीं चोरट्या नजरेनें कोपऱ्याकडे पाहिलें. ती मुलांना शिकवीत उभी होती, आणि तिनें तें सर्व पाहिलें होतें. मी वाट पाहत राहिलों. पण तिनें कांहींच म्हटलें नाहीं; फक्त आपला उजवा हात किंचित् वर केला, आणि हवेंत एक अदृश्य किल्ली फिरवून दाखविली.